घारापुरी, गिरगाव, बाणगंगा: मामांबरोबर गाण्याच्या जागा बघताना

मामांना मुंबईतल्या गाण्याच्या जागा बघायच्या होत्या. कार्यक्रम नाही, जागा. मामा मिरजेचे, एसटीत कंट्रोलर होते, स्वतः गात नाहीत पण तंबोरा जरा उतरलेला असला तरी यांच्या कपाळाला आठी पडते आणि ती पहिल्या रांगेतून गाणाऱ्याला दिसते. मामी फोनवर म्हणाली, ने बाबा यांना, घरात दिवसभर यूट्यूब लावून बसतात. मी डोंबिवलीचा, काम काय तर हॉल आणि मंगल कार्यालयांच्या फायर एनओसीची ड्रॉइंगं करायची, त्यामुळे कुठेही गेलो की आधी दरवाजे मोजतो, जिना किती रुंद आहे बघतो, आणि मग माणसं मोजतो. मामा ऐकणार आणि मी मोजणार, असा हा दौरा.

शुक्रवार, घारापुरी

सोमवारी लेणी बंद असतात आणि रविवारी जायचं म्हणजे शिक्षा, म्हणून शुक्रवार धरला. पण जानेवारी म्हणजे शाळांच्या सहली हे डोक्यात असूनही इतक्या सहली असतील असं वाटलं नव्हतं. गेटवेला नऊच्या आधी पोचलो तर पिवळ्या टोप्या, निळ्या टोप्या, लाल टोप्या, आणि प्रत्येक टोपीमागे एक बाई ओरडतायत, हात सोडू नका रे.

लाँचमध्ये बसल्यावर लाइफ जॅकेट घालायला लावलं. १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात नौदलाच्या स्पीडबोटीने प्रवासी बोटीला धडक दिली आणि १५ जण गेले, तेव्हापासून हे जॅकेटचं जरा तरी मनावर घेतात. धडक कुणाची, चूक कुणाची ते सगळं आहेच, पण बोटीत परवान्यापेक्षा जास्त माणसं होती हेही नंतर बाहेर आलं. मामांनी जॅकेटची नाडी बांधता बांधता विचारलं, या बोटीला किती चालतात? मी पाटी शोधली, पाटी होती, आकडा रंगाखाली गेलेला.

तासाभरात पोचलो. धक्क्यावरची ती खेळण्यातली गाडी, ग्रामपंचायतीचं तिकीट, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली दुकानं, माळा, दगडी हत्ती, काकडी, ताक. माकडं कोल्ड्रिंकच्या बाटल्या हातातून घेतात, झाकण उघडून पितात, बाटली खाली टाकतात. ती बाटली मग समुद्राकडे निघते. वर पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट.

लेण्याबद्दल मी काय सांगणार, १९८७ पासून जागतिक वारसा आहे, सगळ्यांनी शाळेत असताना बघितलंय. सदाशिवाचं ते तीन मुखांचं शिल्प साडेपाच मीटरच्या आसपास उंच आहे, आणि त्याच्यासमोर आम्ही उभे होतो तेव्हा दोन शाळा आणि एक ऑफिसची पिकनिक एकदम आत होती. मामांना खरं तर नटराजाचा पॅनल बघायचा होता. हात तुटलेत, पाय तुटलेत, तरी कमरेचा जो झोक आहे त्यावरून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आली ते कळतं असं मामांचं म्हणणं. मला ते कळलं नाही पण मी मान हलवली.

आणि मग सुरू झालं. कुणीतरी टाळी वाजवून आवाज घुमतो का ते बघितलं, की सगळ्या पिवळ्या टोप्यांनी वाजवली, मग ओम, मग शिट्ट्या, मग पिकनिकवाल्यांचा ब्लूटूथ स्पीकर. दगडाचं सपाट छत, आत खांबांच्या रांगा, त्यामुळे आवाज बाहेर जायच्या आधी आत दोन चक्कर मारून येतो. रखवालदार एका कोपऱ्यातून ओरडत गप्प करत होता तोवर दुसऱ्या कोपऱ्यात सुरू. मामा बाहेर येऊन पायरीवर बसले. म्हणाले, आत पन्नास माणसं गप्प असती तर चाललं असतं, ही दहाच असती आणि अशीच असती तरी नसतं चाललं.

हे वाक्य माझ्या धंद्याच्या विरोधात जाणारं आहे, कारण आम्ही गप्प माणूस आणि ओरडणारा माणूस असा फरक करत नाही, दोघांनाही सारखेच चौरस मीटर.

पर्यटनात जी धारणक्षमता, म्हणजे एका जागेला किती माणसं झेपतील ते, काढतात तिचा हिशोब मी मामांना तिथे पायरीवरच सांगितला, त्यांनी विचारलं म्हणून. आधी जागेचं क्षेत्रफळ घ्यायचं, एका माणसाला लागणाऱ्या जागेने भागायचं, दिवसात किती खेपा होतात त्याने गुणायचं. हा आकडा कायम अवाढव्य येतो आणि पुढारी लोकांना हाच आवडतो. मग त्यातून पाऊस, ऊन, खवळलेला समुद्र, डागडुजीचे दिवस वजा करत जायचं, दुसरा आकडा येतो. आणि मग विचारायचं की सांभाळायला माणसं किती, पाणी किती, संडास किती, परत न्यायला बोटी किती, की तिसरा आकडा. तो पहिल्यापुढे इतका लहान असतो की फायलीत खाली कुठेतरी राहतो.

जेवायला खाली गावाच्या बाजूला गेलो. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं आहेत हे आमच्या बोटीतल्या निम्म्या लोकांना माहीतसुद्धा नसावं. समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ ला, त्याआधी संध्याकाळचे तीनेक तास जनरेटर. समोर मुंबई रात्रभर झगमगतेय आणि इकडे तीन तास. एमटीडीसीचा, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचा, एलिफंटा महोत्सव इथे व्हायचा, शास्त्रीय गाणं-नाच, लायटिंग, पाहुणे बोटीने यायचे बोटीने जायचे. जेवण वाढणाऱ्या मावशींना मामांनी विचारलं, तुम्ही ऐकायचात का गाणं? त्या म्हणाल्या आम्ही धक्क्यावर असायचो, दुकान टाकून. मग भाताचं पातेलं उचलत म्हणाल्या, "मानसा जाम येतान रं, पानी तवराच हाय."

पावसाचं साठवलेलं पाणी, त्यावर गाव, त्यावरच दुकानं, त्यावरच आलेल्या प्रत्येकाचे हात-पाय धुणं. माझा तिसरा आकडा मावशींनी पातेलं उचलता उचलता काढून दिला. घारापुरीची क्षमता लेण्यात मोजायचीच नाही, ती मावशींच्या पिंपात मोजायची, मे महिन्यात, आणि जो आकडा येईल तो वर्षभर लावायचा. जानेवारीत विहीर भरलेली असताना काढलेला आकडा काय कामाचा? पण तसं केलं तर मावशींचा धंदाही बसेल हे पण आहे. त्यावर मला सुचलेलं एकच, की गर्दी दिवसभरात पसरवा, शाळांना सकाळची आणि दुपारची अशा वेळा द्या, आता सगळ्या साडेदहाला वर चढतात आणि एकला सगळ्या एकदम जेवायला बसतात. ऑनलाइन तिकीट आहेच, त्यात वेळेचा रकाना घालायला किती लागतं.

परतीच्या लाँचवर मामा झोपले.

शनिवार, गिरगाव आणि भेंडी बाजार

सकाळी मेट्रो ३ ने गिरगावला उतरलो. हे अजून मला नवीन आहे, चर्नी रोडला उतरून पूल ओलांडून यायची सवय, आता जमिनीखालून वर आलं की थेट गिरगाव. विनयची मिसळ खाल्ली, मामा म्हणाले आमच्याकडे याला झणझणीत म्हणत नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडची माणसं मुंबईत आली की हे बोलायलाच लागतात, ते सोडून द्यायचं.

गिरगावात गाण्याच्या जागा बघायच्या म्हणजे काय बघायचं हा प्रश्नच आहे, कारण घारापुरीसारखं दाखवायला काही नाही. लक्ष्मीबाग बघितली, लग्नाचं कार्यालय, इथे एकेकाळी कोण कोण गाऊन गेलं. आत लग्नाचीच गडबड होती, दारात नवरीची करवली फोनवर कुणाला तरी झापत होती, मामांनी तिच्या खांद्यावरून आत वाकून गॅलरी बघून घेतली आणि मी जिना. पुढे ऑपेरा हाऊसजवळ मोदी चेंबर्स. बी. आर. देवधरांनी १९२५ ला जे स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं ते इथलं, कुमार गंधर्व लहान वयात इथेच शिकायला आले. मामा खाली फुटपाथवर उभे राहून वरच्या खिडक्यांकडे बघत राहिले, मागून हातगाडीवाला साईड साईड.

रॉयल ऑपेरा हाऊस बाहेरूनच. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, बालगंधर्वांची नाटकं, मग सिनेमा, मग १९९३ ला बंद आणि २३ वर्षांनी २०१६ ला दुरुस्त होऊन पुन्हा सुरू. आत पावणेसहाशेच्या आसपास खुर्च्या. मला ही जागा आवडते कारण तिथे उभं राहून बघायची सोयच नाही, खुर्ची संपली की तिकीट संपलं, वाद नाही.

वाद गल्लीत होतो. आम्ही एका वाडीत शिरत होतो तेव्हा समोरून एक हेरिटेज वॉक आला, तीसेक माणसं असतील, सगळ्यांच्या कानात ते छोटे हेडफोन, पुढचा माणूस माईकमध्ये हळू बोलतोय आणि हे ऐकतायत. आवाज अजिबात नाही, अगदी शहाण्यासारखं. पण वाडी किती रुंद, एक स्कूटर आणि एक माणूस एवढी! तीस जण थांबले की दळण घेऊन येणारी बाई अडकली, सिलिंडरवाला अडकला, पोरांची क्रिकेट थांबली. एक काका गॅलरीतून ओरडले, आमचे कपडे वाळतायत त्याचे फोटो कशाला काढता? बरोबर आहे त्यांचं. माझ्या मते गिरगावच्या वाड्यांत दहा-बारापेक्षा जास्त माणसांचा ग्रुप नेऊच नये, आणि ज्या वाडीत जाता तिथल्या एखाद्याला पैसे देऊन बोलायला लावा की, इतिहास त्यांच्या आजीला जास्त माहितीये.

केशवजी नाईक चाळीपाशी मामांना मी हे मुद्दाम दाखवलं. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती, १८९३ चा, आणि आजही मूर्ती लहान, पालखीतून येते. मूर्ती चाळीच्या अंगणाला शोभेल एवढीच ठेवली तर गर्दीही त्याच मापाची येते, हे तिथल्या लोकांनी कुठलाही सर्व्हे न करता सव्वाशे वर्षं पाळलंय. बाकी शहरात आधी मूर्ती वाढवायची आणि मग बॅरिकेड.

दुपारी भेंडी बाजार. हा मामांचा हट्ट. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेतून येऊन या भागात राहिले आणि घराण्याला नावच मोहल्ल्याचं पडलं. नझीर खाँसाहेबांच्या शिष्या अंजनीबाई मालपेकर, संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या पहिल्या बाई, १९५८ ला. छज्जू खाँसाहेबांचे चिरंजीव अमान अली खाँ, त्यांच्याकडे लता मंगेशकर शिकल्या. आणि बघायला काय तर टॉवर, पत्रे, क्रेन, पुनर्विकास, एका गल्लीत अजून जुनी बिल्डिंग, खाली खजूर आणि अत्तर. मी म्हटलं मामा आता काय बघणार? ते म्हणाले बघायचं नाहीये, चालायचंय. चालता चालता मला खंडमेरू समजावला, या घराण्याची खासियत. चार सूर घेतले तर त्यांची चोवीस प्रकारे उलटापालट होते, सातही घेतले तर ५०४०, आणि हे लोक बसून ती सगळी घोकायचे. मी फोनवर गुणून बघितलं, बरोबर आहे, ५०४०. मामा म्हणाले हे ठेवायला जागा लागत नाही आणि बघायला गर्दीही होत नाही. या वारशाला बुलडोझरही लागत नाही आणि पर्यटकही लागत नाहीत, फक्त शिकणारं कुणी लागतं, आणि त्याचीच बोंब आहे.

संध्याकाळी नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात टाटा थिएटर. १९८० ला सुरू झालेलं, फिलिप जॉन्सन या अमेरिकन आर्किटेक्टचं, पंख्यासारखा पसरलेला हॉल, १०१० खुर्च्या. हे बांधतानाच असं बांधलंय की आपलं गाणं माईकशिवाय शेवटपर्यंत जावं. म्हणजे इथे आधी कान ठरला आणि मग खुर्च्या ठरल्या. षण्मुखानंदला अडीच हजारांच्या वर बसतात, तिथे माईकशिवाय विचारच करू नका. आणि एवढं करून त्या दिवशी टाटालाही माईक होताच. मामांनी मध्यंतरात बराच वेळ त्याचीच कटकट केली, की तंबोरा स्पीकरमधून आला की तो मशीनचा वाटतो आणि तबला तर डोक्यावरच बसतो.

दुसरी कटकट वेळेची. मध्यरात्रीचा दरबारी गायला सुरुवात आठला आणि साडेनऊला भैरवी, म्हणजे शेवट! मी सांगितलं, मामा, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर नाही, २००० सालचे नियम आहेत. तसा बंद हॉलला तो नियम लागत नाही, उघड्या मैदानाला लागतो, राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवसांना रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. पण हॉललाही वॉचमनची ड्युटी असते, आणि श्रोत्यांना शेवटची कर्जत असते. रात्रभराच्या मैफिली गेल्या त्यात नियमाचा वाटा किती आणि लोकलच्या टाइमटेबलचा किती, मला तर टाइमटेबलचा जास्त वाटतो. आम्हीही भैरवी सुरू असताना उठलो. मामांनी घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

रविवार, चाळीतली बैठक आणि बाणगंगा

आता मुख्य गोष्ट. गिरगावातल्या एका चाळीत, चाळीचं नाव लिहीत नाही कारण घरच्या काकांनी तशी अटच घातलीये, महिन्या-दोन महिन्यांनी सकाळची बैठक होते. सकाळची का तर रात्री शेजाऱ्यांना त्रास नको आणि सकाळचे राग हॉलमध्ये कुणी ठेवत नाही, तोडी ऐकायची कुठे माणसाने. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने नंबर लागला. साडेसातला हजर.

तिसरा मजला, लाकडी जिना. मी जिन्यातच थांबलो, सवयीने, खालून तुळया बघितल्या. जुनी उपकरप्राप्त इमारत, दुरुस्ती मंडळाने मध्ये लोखंडी टेकू दिलेत. दोन खोल्यांमधलं पार्टिशन काढून एक लांब खोली केलेली, सतरंज्या, गाणाऱ्यांसाठी एक गादी, लोड, खिडकीत तुळस. आणि भिंतीवर पेनाने लिहिलेला कागद, ४०. बाकी काही नाही, नुसतं ४०.

काकांना विचारलं हा आकडा कुठून आला. मला वाटलं इंजिनियरने सांगितलं असेल. काका म्हणाले त्याने तर साठ सांगितले होते, बसलेली माणसं, नाचणार नाहीत, चालतील म्हणाला. मग साठ का नाहीत? काकांनी गॅलरीच्या टोकाकडे बोट दाखवलं, मजल्यावर चार संडास, आठ बिऱ्हाडं, रविवारची सकाळ, तुम्हीच सांगा. सुरुवातीला एकदा पासष्ट जण आले होते तर मध्यंतरात समोरच्या वहिनींचा मुलगा रांगेत उभा राहून क्लासला उशिरा गेला, त्या दोन महिने काकूंशी बोलल्या नाहीत. तेव्हा ठरलं, मध्यंतर नाही, चहा नंतर, आणि माणसं पन्नास. आणि पन्नासचे चाळीस कसे झाले तर ते तंबोऱ्याने केले. माईक नाहीच, त्यामुळे दाराशी बसलेल्याला तंबोऱ्याचा षड्ज, म्हणजे सा, ऐकू आला पाहिजे, काकांनी स्वतः दाराशी बसून बघितलं, माणसं वाढली की सुती कपडे, अंग, पिशव्या हे सगळं आवाज खातं, चाळीसच्या पुढे तंबोरा दिसतो पण ऐकू येत नाही. मामांनी काकांचा हातच धरला.

मी इतकी वर्षं हे काम करतोय, कुठल्याही फॉर्ममध्ये हा रकाना नाही. शेजारणीचा मुलगा क्लासला वेळेत पोचला पाहिजे आणि शेवटच्या माणसाला षड्ज ऐकू आला पाहिजे, यातून निघालेला आकडा. धारणक्षमता म्हणून जे मोठमोठे रिपोर्ट होतात त्यांच्यात याच दोन गोष्टी नसतात, तिथे राहणारी माणसं आणि आलेल्याला खरंच काही मिळालं का. बाकी चौरस मीटर आम्ही काढून देतो की.

गायला एक तरुण बाई होत्या, तबला, हार्मोनियम, मागे दोन तंबोरे, मिरजेचे. मामांनी लांबून भोपळा बघून ओळखले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कुजबुजत सांगितलं की मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला आता जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, २०२४ ला. तोडी झाली, मग देसकार. बाहेर कावळे, कुठेतरी कुकरची शिट्टी, खाली भंगारवाला, आणि हे सगळं असून गाण्याला काही झालं नाही, मला वाटतं त्या चाळीला गाणं आणि गाण्याला चाळ माहीत आहे. रेकॉर्डिंगला बंदी नाही पण फोन वर धरायला बंदी, मांडीवर ठेवा. नंतर पाकीट फिरलं, ज्याला जे वाटेल ते, सगळं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना, आणि चहा-उपमा आठ बिऱ्हाडांतून आळीपाळीने येतो, त्याचे पैसे वेगळे त्या घराला. आज समोरच्या वहिनींचा नंबर होता. उपमा चांगला होता, साखर जरा जास्त.

यात एक गोष्ट खटकली तीही लिहितो. चाळीस म्हणजे तेच चाळीस. ओळखीशिवाय नंबर लागत नाही, आणि खोलीत पन्नाशीच्या खालचे आम्ही सहा-सात जण. मी काकांना म्हटलं दहा जागा तरी नवीन पोरांना ठेवा. काका हो म्हणाले, पण जरा लांबवून म्हणाले.

दुपारी बाणगंगा. वाळकेश्वर स्टॉपला उतरून त्या पायऱ्यांनी खाली गेलं की वर मलबार हिलचे टॉवर आणि खाली हे तळं, समुद्र हाकेवर आणि पाणी गोडं. शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी ११२७ ला बांधलं असं सांगतात, १७१५ ला रामा कामतांनी पुन्हा बांधून काढलं, आज गौड सारस्वत ब्राह्मण ट्रस्टकडे आहे. मामांना इथे यायचं होतं कारण भातखंड्यांचा जन्म वाळकेश्वरचा, १० ऑगस्ट १८६०. ज्या माणसाने देशभर फिरून बंदिशी गोळा करून दहा थाट, म्हणजे रागांचे दहा गट, मांडले तो या पायऱ्यांवरून लहानपणी पळाला असणार, असं मामा म्हणाले. पुरावा काही नाही, पण कुठे पळणार दुसरीकडे.

बदकं होती, एका बाजूला क्रियाकर्म चाललेलं, दुसऱ्या बाजूला प्री-वेडिंगचं शूट, नवरीचा घेर पाण्यावर पसरवायला दोन माणसं. कुणाला कुणाचं काही नाही. २०२४ च्या जूनमध्ये गाळ काढायला मशीन थेट पायऱ्यांवरून उतरवलं आणि पायऱ्या फुटल्या, गुन्हा दाखल झाला, मग दुरुस्ती. म्हणजे नऊशे वर्षं माणसांनी झिजवलेलं एकीकडे आणि एका दिवसाचं काम एकीकडे. गर्दीची क्षमता मोजताना कंत्राटदाराचं मशीनही एक पर्यटक धरायला हवं, सगळ्यात जड.

इथे बाणगंगा महोत्सव व्हायचा, काठावर स्टेज, पायऱ्यांवर श्रोते. पायऱ्यांवर बसलेल्या एका आजींना मामांनी विचारलं तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं. गाणं छान असायचं हो, पण स्पीकर असे लावायचे की आवाज समोरच्या भिंतीला आपटून परत आमच्याच खिडकीत. आता त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावतात, महाआरती असते, पूर्वी आम्ही वस्तीतलेच असायचो, आता रील बघून बोरिवलीहून येतात, खाली यायला वाट किती, हीच. मी वाट बघितली. खरं सांगतो, त्या रात्री इथे काय होत असेल हे मला माझ्या कामामुळे कल्पनेतही बघवत नाही, चारी बाजूंना पायऱ्या, मध्ये पाणी, वर जायला चिंचोळ्या गल्ल्या, अंधार, हातात पणत्या.

आजींचं म्हणणं त्या दिवशी वस्तीतल्यांना पास द्या आणि बाहेरच्यांना मोजून सोडा. मामांना ते पटलं नाही. देवाच्या दारात पास कसला? त्यावर आजी म्हणाल्या, तुम्ही रात्री घरी जाता, आम्ही सकाळी तेलकट पायऱ्या धुतो. मामा गप्प. मी आजींच्या बाजूने. उत्सवाला पास नको असेल तर किमान स्पीकर काढा, मग जेवढ्यांना आरती ऐकू येते तेवढेच खाली थांबतील, बाकीचे आपोआप वर सरकतील. हा चाळीतल्या काकांचाच नियम, उघड्यावर कितपत चालेल माहीत नाही, पण एक वर्ष करून बघायला हरकत नाही. आजी म्हणाल्या स्पीकरवाला आमच्याच गल्लीतला आहे, त्याला तुम्ही सांगा.

सीएसएमटीला महालक्ष्मी एक्सप्रेस लागली होती. मामा खिडकीत बसून मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाचं बोलायला लागले, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची सभा तिथे चिंचेखाली होते, मोठमोठे लोक हजेरी लावून जातात, तिकीट नाही, मोजदाद नाही. यंदा कमिटीला सांगतो म्हणाले, पहाटेचं एक सेशन तरी बिनमाईकचं करा, जवळ बसतील तेवढे बसतील. मी म्हटलं कमिटीत मंडपवाला आहे ना? आहे, म्हणाले, पण त्याचा मुलगा माझ्या हाताखाली कंडक्टर होता, बघतो.